बटरवर्टची चौथी जात

१ जून, रविवार. सकाळी ९.४०

रिटायर होऊन आज दोन महिने झाले. एकतीस वर्षं ग्लासगोतल्या लोकांना ऑपरेशनआधी झोपवलं आणि सगळ्यांना पुन्हा उठवलं. एक जण जरा उशिरा उठला, पण उठला. आता स्वतःसाठी जगायचं. म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही. बायकोने, आसावरीने, तर नाहीच.

संकल्प: रोज सहाला उठणे. आज नऊ वाजले, पण रविवार होता. दुसरा संकल्प: वनस्पतिशास्त्र.

वनस्पतिशास्त्रच का, असं आसावरीने विचारलं. मी म्हटलं, मोकळी हवा मिळते. ती म्हणाली, त्यापेक्षा वरदाला सरळ फोन केलात तर सोपं पडेल. या दोन गोष्टींचा काहीही संबंध नाही.

एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. आमची मुलगी वरदा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षातून उठून बॉटनीला गेली. त्यावर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चार लोकांसमोर मी फक्त एवढंच म्हणालो की, डॉक्टरची मुलगी आता गवत मोजणार. लोक हसले. ती हसली नाही. याला चार वर्षं झाली. आता ती एडिंबरामध्ये वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात नोकरी करते. ट्रेनने पन्नास मिनिटं. घरी येते गणपतीला आणि दिवाळीला. फोन आईला करते. फोन माझ्या हातात आला तर "बरे आहात?" आणि "बरा आहे." मधल्या वेळात मी तिचं मराठी सुधारतो. इथे जन्मली आहे, लिंगाचा पत्ता नसतो. गणपतीला अजून तीन महिने आहेत. सहज मोजले.

खरेदी झाली: दहापट मोठं दाखवणारं भिंग, वॉटरप्रूफ पँट, वेलिंग्टन बूट, जाड पुस्तक. दर शनिवारी झाडं बघत हिंडणाऱ्या एका ग्रुपमध्ये नाव घातलं. त्यांच्या प्रमुख फियोनाबाई. सत्तरीच्या. आमच्या भागाच्या रेकॉर्डर आहेत, म्हणजे कुठल्या चौरस किलोमीटरमध्ये कुठलं झाड कुणाला कधी दिसलं, याची अधिकृत नोंद त्यांच्याकडे असते. अशा नोंदीत आपलं नाव लागलं की लागलं. कायमचं.

४ जून, बुधवार

सहाला उठलो. साडेसहाला परत झोपलो, पण उठलो होतो.

विषय ठरला. बटरवर्ट. मांसाहारी झाड! ओल्या डोंगरउतारावर उगवतं. पिवळट हिरवी पानं जमिनीला चिकटून चांदणीसारखी पसरलेली, वर तूप लावून पुसायचं राहिल्यासारखा चिकट थर. बारीक माश्या चिकटतात, पानाची कड आत वळते आणि झाड त्यांना आरामात पचवतं. मधून एक बारीक दांडा, त्यावर एकच जांभळं फूल. आपल्या कासच्या पठारावर दवबिंदू आहे, त्याच चालीरीतीचं. फक्त याला कुणी बस भरून बघायला येत नाही.

ब्रिटनमध्ये याच्या तीनच जाती. सगळ्यात जास्त आढळणारी व्हल्गॅरिस, म्हणजे सामान्य. तीनच हा आकडा मला पटत नाही. एवढा ओला देश आणि तीन? चौथी कुठेतरी नक्की असणार. कुणी नीट बघितलेलं नाही, एवढंच. भूलतज्ज्ञाची नजर वेगळी असते. आम्ही आयुष्यभर न हलणाऱ्या गोष्टींकडे टक लावून बसलेले असतो.

आसावरीने विचारलं की मांसाहारी झाड सापडलंच तर घरात आणणार का? आणायचं तर श्रावणाआधी आणि तुळशीपासून लांब.

८ जून, रविवार. दुपारी, कॅम्पसी टेकड्यांचा कार पार्क

खरी वटपौर्णिमा मंगळवारी आहे. पण आमच्या मंडळात सगळे सण रविवारी येतात. आजपर्यंत ही पूजा फ्रिजवर चिकटवलेल्या वडाच्या प्रिंटआउटची व्हायची. यंदा मंडळातल्या नीनाने ठरवलं की खरं झाड हवं. ग्लासगोत वड कुठला? कुठलंही जिवंत झाड चालेल, भाव महत्त्वाचा, असा ठराव पास झाला. सात बायका, तीन गाड्या. एका गाडीचा ड्रायव्हर मी. दुसरीचा नीनाचा नवरा मिलिंद, जो पार्किंगला पोचताच घोरायला लागला. तिसरी गाडी नीनाने स्वतः चालवली.

बायका दहा मिनिटं चढून वर गेल्या. मी गाडीतच थांबलो. इथे शांतपणे अभ्यास होतो. पान ४१: बटरवर्ट, फुलांचा रंग आणि आकार.

व्यत्यय: आसावरी खाली आली, खिडकीवर टकटक. म्हणाली, "अहो, जरा वर चला ना, इतकं गोड जांभळं फूल आहे." मी काच खाली न करता पुस्तक दाखवलं आणि मान हलवली. अभ्यास करणाऱ्या माणसाला फूल दाखवायला बोलावणं म्हणजे कमाल आहे. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

वरून आल्या तेव्हा सगळ्या हसत होत्या. वाऱ्याने नीनाचं पूजेचं ताट उडालं म्हणे. सातही जन्म मीच मिळावा म्हणून मागितलंस ना, असं गाडीत विचारलं. आसावरी म्हणाली, यंदा अर्ज विचाराधीन आहे.

१२ जून, गुरुवार

सलग पाच दिवस कडक ऊन. एक थेंब नाही. ग्लासगोत लोक काळजीत आहेत. शेजारच्या आजोबांनी दुकानातून सनस्क्रीन आणलं आणि आता ते दुधाच्या पिशवीसारखे दिसतात.

सहाला उठणे: संकल्पात बदल. सात.

१४ जून, शनिवार. संध्याकाळी ५.३०

आज इतिहास घडला.

ग्रुपबरोबर कॅम्पसीलाच गेलो होतो, पण पूर्वेकडच्या गावातून, दोन तास चालत. पूर्णपणे अनोळखी भाग. मी सगळ्यांच्या मागे होतो. (मुद्दाम. मागे राहणाऱ्याला जास्त दिसतं.) एका एकट्या रोवनच्या झाडाखाली, ओल्या उतारावर, मला बटरवर्ट दिसलं. वाकलो. भिंग लावलं. आणि वही काढली.

वर्णन तिथेच करून घेतलं, ते जसंच्या तसं:

पानं सहा, पिवळट हिरवी, चिकट. पृष्ठभागावर ठळक लाल आणि पिवळे कण, चिकट ग्रंथींना घट्ट धरून. लाल कण मध्यभागी दाट, पिवळे कडेला. पुस्तकातल्या एकाही जातीत असं काही नाही. फूल जांभळं, त्याच्या पाकळीवरही एक लाल ठिपका, बरोबर मधोमध. एका पानाच्या वळलेल्या कडेत एक लांबट, टोकदार, तांबूस अंडं. मोठ्या माशीचं असावं. पचन सुरू झालेलं नाही. गंध: मंद, ओळखीचा. का कोण जाणे, आईची आठवण आली.

आसपास अशीच चार झाडं. बाकीची साधी.

फियोनाबाईंना बोलावलं. त्या गुडघ्यावर बसल्या, बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वेल. दॅट्स व्हेरी इंटरेस्टिंग. आय मस्ट से, आय हॅव नेव्हर सीन एनीथिंग लाइक इट." आणि मला त्यांच्या फ्लास्कमधला चहा दिला. चाळीस वर्षं झाडं बघणारी बाई म्हणते आजवर असं पाहिलं नाही! आणखी काय पुरावा हवा? दोन पानं मी खिशातल्या छोट्या स्टीलच्या डबीत घेतली. त्या म्हणाल्या, शक्यतो आम्ही तोडत नाही. मी म्हटलं, सँपल आहे. त्यांनी पुन्हा "इंटरेस्टिंग" म्हटलं.

याहून मोठी गोष्ट पुढेच. त्या रोवनच्या खोडाला पांढरा सुती दोरा गुंडाळलेला होता. मी फेरे मोजले. सात. फियोनाबाई म्हणाल्या की स्कॉटलंडमध्ये झऱ्याजवळच्या झाडांना चिंध्या बांधायची जुनी रीत आहे, पण दोऱ्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे एक अज्ञात केल्टिक प्रथा, अजून जिवंत! सात हा आकडा त्यांच्यातही पवित्र दिसतो. माणूस इथून तिथून सारखाच. यावर वेगळा लेख.

एका दिवसात दोन शोध. डबी गराजमध्ये ठेवली, स्क्रूच्या बरणीमागे. आसावरीला सांगायचं नाही. तिला सांगितलं की नीनाला कळतं आणि नीनाला कळलं की मंडळाला.

१५ जून, रविवार

नाव ठरलं: पिंग्विक्युला कमलाकराय. पिंग्विक्युला हे बटरवर्टचं शास्त्रीय कूळ, कमलाकर मी. तीन वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. भारदस्त आहे. आसावरीने बाथरूमबाहेरून विचारलं की बरं आहे ना.

वरदाला फोटो पाठवला. केवळ शास्त्रीय शिष्टाचार म्हणून. तिच्या क्षेत्रातला विषय आहे. खाली फक्त "तुझं मत?" इतकंच लिहिलं. त्याआधी सात वेळा लिहून खोडलं, कारण टायपिंगच्या चुका.

सहा तासांनी उत्तर: "Nice! P. vulgaris. पण पानावर काय पडलंय?"

पडलंय! सामान्य! चार वर्षांत तिने मला पाठवलेला हा सगळ्यात लांब मेसेज आहे, आणि तोही चुकीचा. मी लिहिलं की पडलेलं नाही, ते अंगचंच आहे, आणि एका झाडावर पडू शकतं, पाच झाडांवर नाही. तिने विचार करणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं. गप्प बसवलं मी तिला.

ता. क. मेसेज चार वेळा वाचला. "Nice" च्या पुढे उद्गारचिन्ह आहे.

१७ जून, मंगळवार

वरदाचा दुसरा मेसेज, न विचारता: नव्या जातीला स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं. (मी तिला नाव कळवलं होतं. सहज.)

हा नियम अन्यायकारक आहे, पण मार्ग आहे. मिलिंदला फोन केला. मंडळाचा समर मेळावा २९ तारखेला आहे. तिथे त्याने उत्स्फूर्तपणे उठून माझं नाव सुचवायचं, असं ठरवलं. उत्स्फूर्त भाषण मी लिहून देतो. शोध कसला, हे त्याला नीट सांगितलं नाही. फक्त एवढंच की वनस्पती, स्कॉटलंड, इतिहास. मिलिंद म्हणाला, "अरे मग शाल-श्रीफळ करूनच टाकू, पोरांचा डान्स आणि पुरीभाजी यांच्यामध्ये दहा मिनिटं मोकळीच आहेत." मी नाही नाही म्हटलं. एकदा.

नीनाला सांगू नकोस, हेही बजावलं. तो म्हणाला, छे.

१८ जून, बुधवार

नीनाने सकाळी फोन करून अभिनंदन केलं. आसावरीला अजून माहीत नाही. आज दिवसभर ती माझ्याकडे बघून उगाच हसतेय, पण ते वेगळं असावं.

मानपत्राचा मजकूर लिहिला. "तीक्ष्ण नजर, अथक पायपीट आणि क्षुल्लक वाटणाऱ्या फुलापुढेही थांबण्याची दुर्मीळ वृत्ती." स्वतःबद्दल लिहिताना संकोच झाला. दुसऱ्या पानापर्यंत गेला.

केल्टिक दोऱ्यावरचं टिपण तीन पानं झालं. फियोनाबाईंना आणि लायब्ररीतल्या स्थानिक इतिहास गटाला पाठवलं. शीर्षक: सात फेरे, एक विस्मृत विधी. फियोनाबाईंचं लगेच उत्तर आलं. "हाऊ फॅसिनेटिंग." इंटरेस्टिंगच्या वरची पायरी.

२२ जून, रविवार. दुपारी

गुरुवारपासून पाऊस. तीन दिवस थांबलाच नाही. लोक पुन्हा आनंदी.

आणखी पुरावा हवा म्हणून एकटा गेलो. पूर्वेकडूनच. रोवन सापडला. दोरा मळला होता, एक फेरा सुटला होता. पण झाडांवर एकही लाल-पिवळा कण नाही! पानं साफ. शेजारच्या सामान्य बटरवर्टपासून ओळखू येईनात.

दुसरा कुणी असता तर खचला असता. मी तिथेच उभ्या उभ्या उत्तर शोधलं: ही जात पावसात रंग लपवते. उन्हात रंगीत, पावसात साधी. जगात पहिलंच उदाहरण असणार. म्हणूनच आजवर कुणाला सापडली नव्हती, स्कॉटलंडमध्ये ऊन असतं कधी?

या आनंदात मागे पाऊल टाकलं आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाय आला, बूट आला नाही. हात घालून बघितलं. बूट नाही. एका बुटावर दोन तास चालत खाली आलो. वाटेत भेटलेल्या तिघांनी माझ्या पायाकडे बघून हवेचा विषय काढला. सभ्य लोक.

आसावरीला सांगितलं की बूट ग्रुपला दान दिला. तिने विचारलं, एक?

२५ जून, बुधवार. संध्याकाळी ६.१५

वरदाचा फोन आला. मला. आईला नाही, मला.

म्हणाली, "बाबा, ते रंग लपवतो वाला theory वाचला मी." (रविवारीच कळवली होती. सहज.) मी म्हटलं, वाचली, थिअरी स्त्रीलिंगी. मला वाटलं झालं, आता फोन ठेवते. जीभ चावली. पण ती म्हणाली, की सँपल अजून असेल तर शनिवारी येते, छोटा मायक्रोस्कोप घेऊन. मी म्हटलं, ये.

शास्त्रीय भेट आहे, बाकी काही नाही. तिच्या खोलीतली व्यायामाची सायकल काढून गराजमध्ये ठेवली. पडदे धुवायला टाकले. तिला बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी आवडते का अजून, हे आसावरीला विचारलं. आसावरी म्हणाली, "तुम्हीच विचारा ना तिला, फोन आला होता ना?" आणि डोळे पुसत आत गेली. कांदा चिरत होती.

२८ जून, शनिवार. संध्याकाळी ७ वाजता

आज सविस्तर लिहायचा मूड नाही. पण नियम म्हणजे नियम.

वरदा साडेअकराला आली. केस कापलेत. डायनिंग टेबलावर पेपर अंथरला, मायक्रोस्कोप ठेवला. मी गराजमधून डबी आणली. तिने चिमट्याने वाळलेलं पान काढलं आणि भिंगाखाली धरलं. दोन मिनिटं स्क्रू फिरवून बघत राहिली. मी मनातल्या मनात नाव म्हणत होतो. मग तिने डोळा काढला, पान नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि हाक मारली, "आई! मिसळणाचा डबा आण."

मिसळणाचा डबा कशाला, असं मी विचारलं. आसावरी आली, पदराला हात पुसत मायक्रोस्कोपमध्ये डोकावली. आधी हसली. मग टेबलाची कड धरून हसली. मग खुर्चीत बसून.

"बाबा, हा हळद आहे," वरदा म्हणाली. "आणि हा लाल म्हणजे कुंकू."

मी म्हटलं, डबी. डबी मिसळणाच्या डब्यातली असेल, त्यातली हळद लागली. हे मला अगदी पटकन सुचलं. वरदाने मीच पाठवलेला फोटो फोनवर उघडून पुढे धरला. डोंगरावरचा. डबीच्या आधीचा.

मग अंडं? असं मी विचारलं.

"बासमती."

आसावरीने मग शांतपणे सगळं सांगितलं. वटपौर्णिमेला वर, पश्चिमेकडच्या वाटेने, त्यांनी एक एकटं झाड निवडलं. त्याच्या खाली तिला हे फूल दिसलं. इतकं छोटं आणि गोड, की पूजा झाल्यावर तिने त्यालाही हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मग वाऱ्याने नीनाचं ताट उडालं आणि बाकीचं आजूबाजूच्या झाडांना लागलं. पानं चिकट, त्यात पाच-सहा दिवस ऊन. पडलेलं सगळं तसंच राहिलं. "मी तुम्हाला दाखवायला खालीही आले होते," ती म्हणाली. "तुम्ही पुस्तक दाखवलंत."

पान ४१.

डोंगर एकच. मी पूर्वेकडून गेलो, ती पश्चिमेकडून. तिला अठरा तारखेपासून संशय होता. नीनाने शोधाचं सांगितलं आणि हिने दोन आणि दोन चार केले. मग बोलली का नाहीस, असं विचारलं. तर म्हणे, वरदा तुमच्याशी बोलायला लागली होती ना.

दोऱ्याचं नंतर आठवलं. सात फेरे, एक विस्मृत विधी. तीन पानं. लायब्ररीला. मी टॉयलेटमध्ये जाऊन जरा वेळ बसलो.

बाहेर आलो तर वरदा माझ्या टेबलावरचं ते टिपण आईला मोठ्याने वाचून दाखवत होती. आणि हसत होती. चार वर्षांत तिला हसताना ऐकलं नव्हतं. माझी आई हसायची तशी हसते, शेवटी नाकातून आवाज काढून. हे मी विसरलो होतो. मला फार बरं वाटलं, आणि त्याचा रागही आला. साडेचारची ट्रेन तिने सोडली. साडेपाचचीही. आता ती वर तिच्या खोलीत आहे. उद्या मेळाव्याला येते म्हणाली.

उद्या मेळावा आहे. मानपत्र छापून झालंय.

२९ जून, रविवार

मिलिंदला सकाळी सातला फोन करून सत्कार रद्द करायला सांगितलं. (सातला उठलो होतो. संकल्प पूर्ण.) मिलिंद म्हणाला की दहा मिनिटं छापील कार्यक्रमात गेली आहेत, पुरीभाजी त्या हिशेबाने तळायला घेणार, आता काही होत नाही.

तेवढ्यात फियोनाबाईंचा मेल. वरदाने त्यांना काल सगळं कळवलं होतं. कुणी विचारलं होतं? फियोनाबाई अतिशय आनंदात. त्या चौरस किलोमीटरमध्ये बटरवर्टची शेवटची नोंद १९७४ची होती. ते तिथून गेलं, असंच सगळे धरून चालले होते. म्हणजे एक्कावन्न वर्षांनी पुन्हा नोंद! मी खुर्चीत ताठ बसलो. पुढची ओळ: नोंद पहिल्यांदा दिसल्याच्या तारखेने होते, ८ जून. शोधणाऱ्याचं पूर्ण नाव कळवावं, मिसेस आसावरी यांचं स्पेलिंग हवं आहे. शेरा: फुलाला आदराने हळद वाहिलेली आढळली.

स्पेलिंग मीच कळवलं.

शाल आसावरीला दिली. मी पसंत केलेली, गडद तपकिरी, पुरुषी. मानपत्रावर मिलिंदने पेनाने नाव बदललं. बाकीचा मजकूर बदलायला वेळ नव्हता, त्यामुळे माझेच शब्द माईकवरून ऐकले: तीक्ष्ण नजर, अथक पायपीट आणि क्षुल्लक वाटणाऱ्या फुलापुढेही थांबण्याची दुर्मीळ वृत्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मजकूर चांगला होता. आणि खरं सांगायचं तर, तिला जास्त शोभला.

वरदा माझ्या शेजारी बसली होती. कानात म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहिला ना हे?" मी म्हटलं, उत्स्फूर्त आहे.

६ जुलै, रविवार. संध्याकाळी

वरदा या रविवारीही आली. गणपती नाही, दिवाळी नाही, असाच रविवार. फियोनाबाईंना त्या जागेवरची झाडं मोजून हवी आहेत, ते काम तिने आणि आसावरीने घेतलं. दोघी पश्चिमेकडच्या वाटेने वर गेल्या. ड्रायव्हर मी. बूट एकच असल्यामुळे गाडीत थांबलो. पुस्तक आणलं होतं. उघडलं नाही.

वीस मिनिटांनी खिडकीवर टकटक. वरदा. म्हणाली, "बाबा, चला वर, तुम्हाला दाखवतो."

दाखवते. तोंड उघडलं होतं. मिटलं. काच खाली केली, मग दारच उघडलं. चपलेवर गेलो. दोन्ही पाय गार, ओले. तिने एका ठिकाणी हात दिला, तो मी नंतर बराच वेळ सोडला नाही. चढ होता.

फुलं गळून गेली आहेत. पानं तशीच, साधी, पिवळट. एकावर बारीक माशी चिकटलेली. सामान्य. मी पहिल्यांदाच पुस्तकाशिवाय बघितलं. वरदाने जमिनीवर दोरीचा चौकोन टाकला आणि त्यातली झाडं कशी मोजायची ते दाखवलं: एका कोपऱ्यातून, ओळीने, घाई न करता. दहा मिनिटं शिकवत होती. ही चांगली शिकवते. मी म्हटलं, मंडळात त्या दिवशी मी जे बोललो, ते चुकलं माझं. ती चौकोनाकडेच बघत होती. म्हणाली, "हं." मग म्हणाली, "मोजा आता."

म्हणून मी, डॉक्टर, कॅम्पसीच्या डोंगरावर चपला घालून वाकून गवत मोजलं. दोनदा मोजलं. ठामपणे सांगितलं: तेवीस.

वरदाने मोजली. चोवीस.

एक माझ्या चपलेखाली होतं.